नायिबेच्या पंपाची मोडतोड

यंत्रानं ‘खरं’ असं उत्तर दिलं आणि नायिबे कायसेदो इतक्या झटक्यात उठली, की खुर्ची मागच्या मागे आडवी झाली.

“खरं! अरे, खरं म्हणतंय!”

“मग पांदेबोनो आण,” समोरच्या टेबलावरचा विल्मार मोस्केरा मान वर न करता म्हणाला. “आणि गरम आण. मागच्या वेळचे गार होते, चीज दाताला चिकटलं.”

“मेल्या, चार वर्षं घासली मी या एका शब्दासाठी. अभिनंदन तरी कर!”

“अभिनंदन. आता पांदेबोनो.”

प्रोफेसोरा ओफिर सापाता यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांची ती रीतच होती. ज्याच्या पडताळणीला यंत्र ‘खरं’ म्हणेल, त्यानं कोपऱ्यावरच्या भट्टीतून चीजचे ते गोल पाव आणून सगळ्यांना खिलवायचे. खाऊन झालं, की दुसऱ्या कुणीतरी त्याच्या कामात गुपचूप एक बिघाड घुसवायचा आणि यंत्र पुन्हा चालवायचं. यंत्रानं तो पकडला, ‘खोटं’ म्हणालं, तरच आधीचं ‘खरं’ मानायचं. प्रोफे सांगायच्या, “माझ्या भाच्या तांदूळ निवडायला बसल्या, की मी त्यात दोन खडे मुद्दाम टाकते. ते निघाले तर भात चढवते. नाहीतर पुन्हा निवडा म्हणते.” या प्रकाराला खोलीत ‘मोडतोड’ म्हणत. ती करताना विल्मारच्या अंगात जी हुशारी संचारायची, ती एरवी कुठं दडून बसायची ते देवच जाणे.

पण नायिबेला आज कशाचा धीर निघत नव्हता. भट्टीकडे जाता जाताच तिनं घरी फोन लावला.

“बाबा, झालं! हो म्हणा त्या डॉक्टरीणबाईंना. लावा पंप!”

पलीकडून फानोर कायसेदोंचा नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मागोमाग आईचा, मेल्बाचा: “काय गं, काय सांगितलंस त्यांना? पलंगाखालून नाचाचे बूट काढतायत ते!”

फानोर म्हणजे काली शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीतले एक साधे गृहस्थ. जन्म उसाच्या रानात गेला. साखर कारखान्यात पाकाच्या कढयांवर कामाला होते. तरणेपणीच त्यांच्या स्वतःच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा सोबत्यांची हसून पुरेवाट झाली होती. “फानोर, थोडी कारखान्यात ठेव की रे, सगळी घरी कशाला नेतोस?” तेव्हापासून रोज सुया टोचून घेणं आलं. फानोर त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. त्यांचं सुख एकच होतं, शनिवारचा नाच. मेल्बाचा हात धरून ते साल्सा नाचायला लागले, की वस्तीतली पोरं बाजूला सरून बघत उभी राहायची. पाय एवढे झरझर चालायचे, की एखाद्याला वाटावं हा माणूस कारखान्यात नोकरीला नसून वाद्यवृंदातच आहे.

मग पुतणीच्या लग्नात ते नाचता नाचता कोसळले. रक्तातली साखर एकदम तळाला गेली होती. मेल्बानं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बुगा गावच्या देवळातल्या चमत्कारी ख्रिस्ताचा धावा केला, कुणीतरी दातांच्या फटीतून उसाचा रस घातला, आणि देवानं ऐकलं. पण त्या दिवसापासून त्यांचे बूट जे पलंगाखाली गेले ते गेलेच. नायिबे तेव्हा कॉलेजात होती. त्या लग्नात बापाच्या समोर तीच नाचत होती. पुढं तीही कुठल्या समारंभात नाचायला उठली नाही. कुणी ओढायला आलं, तर “पाय दुखतोय” म्हणायची.

तिच्या संशोधनाचा विषय काय, असं शेजारणी विचारत. नायिबे सांगायची ते असं. कंबरेला लावायचा एक छोटा पंप आहे. तो शरीरात इन्सुलिन सोडतो. दंडावर टिकलीसारखी एक चकती चिकटवायची, ती दर थोड्या वेळानं पंपाला साखर किती ते कळवते. पंपाच्या पोटात एक प्रोग्रॅम आहे, कधी किती सोडायचं आणि कधी थांबायचं हे तो ठरवतो. हा पंप विद्यापीठातल्याच एका गटानं बनवला होता. नायिबे त्या प्रोग्रॅमची एक प्रतिकृती करत होती, आणि ज्या शरीराला तो लावायचा त्या शरीराचीही. मग दोघांना एकमेकांशी जोडून यंत्राला विचारायचं: या जोडगोळीचं जे जे होऊ शकतं, त्या सगळ्या वाटा चालून ये आणि सांग, माझं एक वाक्य प्रत्येक वाटेवर टिकतं का? वाक्य सोपं होतं. ‘साखर धोक्याच्या खुणेखाली गेली, की पंप थांबलेला असतो.’

लहानपणापासूनच तिला ही खोड. पहिल्या कम्युनियनच्या, देवळातल्या प्रसादविधीच्या, तयारीला पाद्रीबाबांनी सांगितलं, की देवळातला दिवा अखंड तेवतो. तर ही विचारते, “तेल संपलं तर? वात पडली तर? तुम्ही आजारी पडलात तर?” पाद्रीबाबा मेल्बाला म्हणाले होते, “या पोरीला एकतर वकील करा, नाहीतर गप्प राहायला शिकवा.” मेल्बाला दोन्ही जमलं नाही.

आणि फानोरनी डॉक्टरीणबाईंना स्वच्छ सांगून ठेवलं होतं. पंपाची पहिली चाचणी ज्या मोजक्या लोकांवर व्हायची, त्यांत त्यांचं नाव होतं. “पण माझी पोरगी हो म्हणाली तरच. तिला विचारल्याशिवाय कंबरेला पट्टासुद्धा लावणार नाही.”

तर नायिबे हो म्हणून बसली होती. पांदेबोनो आणायच्या आधी. मोडतोड व्हायच्या आधी.

पांदेबोनो गरमच होते. प्रोफे सापातांनी दोन खाल्ले, हात पुसले आणि विल्मारला खूण केली. विल्मारनं नायिबेला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

“बघायचं नाही हं, डॉक्टरीणबाई.”

“अजून झाले नाही डॉक्टर.”

“दोन महिन्यांनी तोंडी परीक्षा आहे ना? मग झालीसच. नाहीतर नाहीस. ते आता माझ्या हातात आहे.”

त्यानं काय केलं, तर पंपातली थांबायची आज्ञाच काढून टाकली. हा पंप कधीही थांबणार नाही! आंधळ्यालाही दिसेल असा बिघाड. मग त्यानं यंत्र चालवलं, आणि तिघं पडद्यापाशी वाकले.

यंत्र म्हणालं, ‘खरं’.

पहिल्यांदा विल्मार हसला. “माझंच चुकलं बहुतेक.” त्यानं पुन्हा पाहिलं. आज्ञा काढलेलीच होती. पुन्हा चालवलं. पुन्हा ‘खरं’. कधीच न थांबणाऱ्या पंपाबद्दल यंत्र छातीठोक सांगत होतं, की साखर खाली गेली की पंप थांबलेला असतो.

नायिबेच्या हातातला अर्धा पांदेबोनो तसाच राहिला.

“प्रोफे,” ती कशीबशी म्हणाली, “मी बाबांना हो सांगितलंय.”

“मग आता नको सांग,” प्रोफे म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, पण त्यात ‘नंतर’ला जागा नव्हती. “आधी फोन. मग बिघाड शोधू.”

तिनं फोन केला. फानोर म्हणाले, “बरं, पोरी.” एवढंच. त्यांनी ‘का’ विचारलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

परत आली तेव्हा डोळे पुसून आली होती, पण डोकं चालू झालं होतं. “यंत्राला उलटं विचारूया,” ती म्हणाली. “एखादी अशी वाट दाखव, जिच्यावर साखर धोक्याच्या खुणेखाली जाते. एक तरी.”

यंत्र चालून आलं आणि म्हणालं: अशी वाट नाही.

“हात्तिच्या!” विल्मारनं टेबलावर हात आपटला. “म्हणजे खाली जातच नाही! मग खाली गेल्यावर काय होतं, याला अर्थच काय उरला? वाक्य खरंच ठरणार. पंपाच्या जागी चपला ठेवल्यास, तरी खरंच ठरेल!”

नायिबे खुर्चीत बसली. चार वर्षांचं ‘खरं’ फुग्यातल्या हवेसारखं सुटून गेलं होतं. पण गंमत अशी, की तिला रडू येईना. कुणी कोडं घातल्यासारखी ती विचाराला लागली. पंप त्याला सांगितलेल्या जेवणाप्रमाणे इतकं नेमकं मोजून औषध देतो, की साखर खाली जायला कारणच उरत नाही, हे तिच्या लक्षात आलं. पण खऱ्या माणसाची तर जाते. मग तिच्या माणसात काय कमी होतं?

“हा तुझा माणूस दिवसभर करतो काय?” विल्मारनं विचारलं.

“जेवतो. बसतो. झोपतो. पुन्हा जेवतो.”

“आणि?”

“आणि काय? इस्पितळात खाटेवर पडलेल्या लोकांची मोजमापं मिळाली, त्यांवरून केलाय तो.”

विल्मार डोक्याला हात लावून म्हणाला, “बघ गं, ऐक. तू कालीची, साल्साच्या गावची. कालीत जन्मलीस, कालीत वाढलीस. आणि चार वर्षं बसून तू जो माणूस बनवलास, तो नाचत नाही?”

प्रोफे सापाता हसायला लागल्या. हसता हसता त्यांचा चष्मा घसरला. “अगं, तोंडी परीक्षेला राजधानीहून, बोगोताहून येणाऱ्या परीक्षकाला हे सांगू नकोस हं. तो म्हणेल, बरोबर आहे, आमच्याकडे असेच असतात, न नाचणारे.”

नायिबे मात्र हसली नाही. लग्नाचा मांडव, ट्रम्पेटचे सूर, आणि समोर हळूहळू पांढरे पडत चाललेले बापाचे ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. ज्या गोष्टीनं बाप पडला, तीच तिनं शरीरातून काढून टाकली होती. मुद्दाम नव्हे. पण काढली होती खरी.

तिनं पिशवी उचलली. “मी घरी जाते. मला माणूस आणायचाय.”

घरी मेल्बा सांकोचोच्या रश्श्याच्या पातेल्यात कोथिंबीर टाकत होती. फानोर खिडकीपाशी बसले होते, रेडिओ बारीक लावलेला. बूट पुसून जमिनीवर ठेवलेले होते, घातलेले नव्हते.

“आई, माझं चुकलं होतं,” नायिबेनं सांगायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं.

मेल्बानं डाव खाली ठेवला. “म्हणजे दूध आणलंच नव्हतं, आणि उतू गेलं नाही म्हणून शाबासकी घेतलीस?”

“हो. अगदी तसंच.”

“आणि पांदेबोनोही खाऊन झाले?”

“आई!”

“बरं बरं. देवानं ते चेष्टेखोर पोरगं वेळेवर धाडलं म्हणायचं. त्याच्यासाठी रविवारी एक मेणबत्ती लावते.” मग नवऱ्याकडे वळून, “ऐकलंत? ते बूट पुन्हा आत ढकलू नका. पोरगी अजून हरलेली नाही.”

नायिबे बापासमोर जमिनीवर बसली. “बाबा, मला नाच सांगा.”

“सांगू काय त्यात? नाच म्हणजे नाच.”

“नाही, तसं नाही. तुम्ही नाचायला लागलात की आधी काय होतं? घाम कधी येतो? मध्ये थांबता का? जेवून लगेच नाचता की नंतर? त्या लग्नात काय झालं, सगळं सांगा.”

त्या लग्नाचा विषय त्या घरात कुणी काढत नसे. फानोरनी रेडिओ बंद केला. मग बोलू लागले, आणि बोलता बोलता माणूस खुलत गेला. जेवणाआधी सुई घेतली होती, पण ताटात वाढलेलं सगळं खाल्लं नाही, कारण वाद्यं सुरू झाली होती. पहिल्या दोन गाण्यांत घाम येत नाही, अंग नुसतं तापतं. तिसऱ्याला शर्ट पाठीला चिकटतो. त्यानंतर थकवा कळतच नाही, तोच धोका. मध्ये कुणी हात ओढला की बसायचं, गप्पा मारायच्या, पुन्हा उठायचं. बसल्यावरही आत काहीतरी ओसरतच असतं, पावलं थांबली तरी. खुर्चीतल्या खुर्चीत त्यांचे पाय ताल धरू लागले होते, आणि मेल्बा पातेलं विसरून दारात उभी होती.

“अंग घामानं निथळत असलं, तर दंडावरची चकती टिकेल का?” नायिबेनं मध्येच विचारलं.

“चकती? पोरी, माझ्या गळ्यातली साखळी निसटून जायची.”

नायिबेनं बापाच्या गुडघ्यावर थाप मारली आणि उठली. “बाबा, तुम्ही सोनं आहात!”

“आता कळलं?” मेल्बा म्हणाली. “सांकोचो तरी खाऊन जा!”

पुढचे दिवस नायिबेनं त्या खोलीत जे काही केलं, त्याला नाच शिकवणंच म्हणायला हवं. तिचा माणूस आता ताटात अर्धं टाकून उठू लागला, नाचू लागला, दमून बसू लागला, बसल्यावरही त्याची साखर ओसरू लागली. घामानं चकती सैल व्हायची, निरोप तुटायचा, पुन्हा जुळायचा. डॉक्टरीणबाईंनी नाचणाऱ्या रुग्णांची मोजमापं मिळवून दिली. विल्मार येता जाता विचारायचा, “काय, आज चा-चा-चा की साल्सा?”

मग तिनं जुनंच वाक्य पुन्हा विचारलं. या वेळी यंत्राला वेळ लागला. तिघं उभे होते. प्रोफेंच्या हातातली कॉफी निवत चालली होती.

‘खोटं.’

“खोटं!” नायिबे किंचाळली, आणि या वेळी खुर्ची खरोखरच मोडली. “खोटं म्हणतंय! प्रोफे, खोटं!”

बाहेरच्या व्हरांड्यातला झाडूवाला आत डोकावला. त्याला कळेना, की खोटं निघाल्यावर ही माणसं एकमेकांना मिठ्या का मारतायत.

यंत्र नुसतं ‘खोटं’ म्हणून थांबत नाही. कुठल्या वाटेवर वाक्य मोडलं, ती वाट पावलापावलानं दाखवतं. नायिबे ती मोठ्यानं वाचू लागली. “माणूस जेवायला बसतो. पंप पूर्ण जेवणाचं औषध देतो. माणूस अर्ध्यातून उठतो. नाचतो. साखर उतरते. खुणेखाली जाते. पंप थांबतो...”

“शाबास पंपा,” विल्मार म्हणाला.

“थांब. घामानं चकती सैल होते. निरोप येत नाही. पंप निरोपाची वाट बघतो. मग...” तिचा आवाज खाली आला. “मग तो नाचाच्या आधीचा, शेवटचा चांगला आकडा काढतो आणि तोच आत्ताचा समजतो. साखर ठीक आहे म्हणतो. आणि पुन्हा चालू होतो.”

हा बिघाड विल्मारनं घुसवलेला नव्हता. तो पंपाच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासूनच होता. करणाऱ्यांना वाटलं होतं, निरोप तुटला तर निदान जुन्या आकड्यावर तरी भागवावं. चांगल्या हेतूनंच ठेवलेलं होतं ते. खाटेवर पडलेल्या माणसाला त्यानं काही झालंही नसतं.

नायिबेनं पडद्यावर हात ठेवला, एखाद्याच्या कपाळावर ठेवावा तसा. तो माणूस तिथं, त्या काचेमागं पडला होता. फानोर घरी खिडकीपाशी बसून मोसंबी सोलत होते. तिनं मनातल्या मनात क्रॉसची खूण केली.

पंपवाल्या गटाशी त्याच दुपारी बोलणं झालं. त्यांचा प्रमुख आधी म्हणाला, “एवढा घाम येईपर्यंत कोण नाचतं?” तेव्हा त्याच्याच गटातली एक मुलगी म्हणाली, “सर, मी.” बिघाड दुरुस्त झाला. निरोप तुटला, तर पंप थांबलेलाच राहील आणि वाजत राहील, माणसाला हलवून उठवेल इतक्या जोरात.

नायिबेनं नव्या पंपाची प्रतिकृती जोडली. आधी विचारलं, साखर खाली जाते अशी वाट आहे का? आहे. एक नाही, ढीगभर. मग वाक्य विचारलं. ‘खरं.’ या वेळी तिनं उडी मारली नाही. फोनही केला नाही. निमूटपणे भट्टीवर गेली, गरम पांदेबोनो आणले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“मोड,” ती विल्मारला म्हणाली. “जेवढं मोडता येईल तेवढं मोड.”

विल्मारनं आज्ञा काढली: ‘खोटं’. चकतीचा निरोप बदलला: ‘खोटं’. वाजणं बंद केलं आणि जुना आकडा परत आणला: ‘खोटं’. दरवेळी यंत्रानं बोट ठेवून दाखवलं, इथं, इथं मोडलंस. शेवटी त्यानं हात वर केले. “हरलो. पोटही भरलं. आता कर फोन.”

तोंडी परीक्षेत बोगोताहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की पहिली पडताळणी फसली ती प्रबंधात कशाला घातलीत? नायिबे म्हणाली, “कारण सर, दुसरी तिच्यातूनच निघाली. आणि पुढं कुणी असाच खाटेवरचा माणूस बनवेल, त्याला कळायला हवं.” शेवटी परीक्षकांनी उठून तिचा हात हातात घेतला. मेल्बा मागच्या रांगेत जपमाळ घेऊन बसली होती. तिला त्यातलं ‘डॉक्टर’ एवढंच समजलं, आणि तेवढं तिला पुष्कळ होतं.

पण खरी परीक्षा नंतर होती. डॉक्टरीणबाईंनी चाचणीचे नियम बदलले होते. जेवण, आराम, आणि आता नाचही. दवाखान्याच्या मागच्या दालनातल्या खाटा भिंतीला लावल्या, एका नर्सनं फोनवर गाणं लावलं. फानोरनी कंबरेचा पंप चाचपला, दंडावरची चकती दाबून पाहिली आणि मेल्बाकडे हात पसरला.

“चलता का बाईसाहेब?”

“आधी तोंड गोड करायला रस जवळ ठेवलाय का ते बघा,” मेल्बा म्हणाली, पण हात तिनं आधीच दिला होता.

पहिलं गाणं. दुसरं. फानोरांचे पाय विसरले नव्हते. तिसऱ्याला शर्ट पाठीला चिकटला आणि नर्सेसनी टाळ्या धरल्या. नायिबे भिंतीशी उभी होती, मुठी आवळून, ओठांत प्रार्थना. चौथ्या गाण्याच्या मध्यावर पंप ठणाणा वाजू लागला.

सगळे थांबले. डॉक्टरीणबाई पुढं धावल्या, बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पंपाकडे पाहिलं. घामानं चकतीचा निरोप तुटला होता, साखर उतरली होती. पंप थांबलेला होता.

“थांबलाय,” त्या म्हणाल्या. “आपण होऊन.”

मेल्बानं डोळे मिटून बुगाच्या ख्रिस्ताचे आभार मानले. फानोर धापा टाकत खाटेवर बसले, रसाचा घोट घेतला आणि पंपाकडे रागानं पाहत म्हणाले, “काय गं हे? गाणं ऐन रंगात आलेलं, आणि तुझा हा पोलीस शिटी मारतोय!”

नायिबेला हसू आवरेना. फानोरांचा रस पिऊन झाला, डॉक्टरीणबाईंनी चकती पुन्हा घट्ट चिकटवली आणि साखर वर आल्याचं पाहिलं, तशी ती बापासमोर जाऊन उभी राहिली. तिनं चपला काढून भिंतीशी सरकवल्या.

“तुझा पाय दुखतो ना?” फानोरनी विचारलं.

“दुखायचा,” नायिबे म्हणाली. “उठा बाबा. पोलीस आहे ना पहाऱ्याला.”